भाचीच्या संगीतवर्गाला आईच्या जागी मामा गेला तर चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाची 20 महिन्यांची आहे. बहिणीच्या कामाच्या वेळा बदलल्या, म्हणून आठवड्यातून एकदा होणाऱ्या संगीतवर्गाला यापुढे तिच्यासोबत तुम्ही जायचं ठरतंय. शंका तीन आहेत. आपल्याला गाता येत नाही. वर्गात बहुतेक आया असतात, तिथे एकटा पुरुष बसलेला बरा वाटेल का? आणि भाची आईजवळ रमते तशी आपल्याजवळ रमली नाही, नुसती बसून राहिली, तर सध्या वर्ग थांबवून ती 3 वर्षांची झाल्यावर पुन्हा घालावं का?

जा. अगदी निःशंक जा. मी बरीच वर्षं एक ते तीन वर्षांच्या मुलांचे असे वर्ग घेते, आणि आयांबरोबरच बाबा, आजोबा, मामा, काका असे सगळे माझ्या वर्तुळात बसून गेले आहेत. नियमाचा प्रश्न असेल तर तो शिक्षिकेला एक फोन केला की सुटतो. पण तुमचा प्रश्न दोनदा वाचल्यावर मला वाटलं की खरी गाठ वेगळीच आहे. वर्ग भाचीचा, आपण तिला न्यायचं, सांभाळायचं आणि परत आणायचं, असं तुम्ही धरून चालला आहात. या वयाच्या वर्गाची रचनाच तशी नसते.

वर्गात गाणं मी सुरू करते, लय मी ठरवते, कुठे थांबायचं ते मी सांगते. पण मूल माझ्याकडे फार थोडा वेळ बघतं. ते बघतं आपल्या माणसाकडे. मांडीवरचं गाणं असेल तर ताल त्याला कळतो तो तुमच्या गुडघ्यांतून. टाळी कधी वाजवायची ते कळतं तुमच्या हातांवरून. आणि इथे मोठ्याने गायला हरकत नाही, हे कळतं तुम्ही गायला लागता तेव्हा. बरोबरचं मोठं माणूस गप्प बसलं की थोड्याच वेळात मूल वर्तुळातून उठून दाराच्या कडीशी खेळायला लागतं. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता मुलांच्या आधी माझी नजर मोठ्यांवरून फिरते. म्हणून तुमचा प्रश्न मी असा मांडेन: तो अर्धा-पाऊण तास तुम्ही स्वतः अंगाने आणि आवाजाने वर्गात भाग घ्याल का? घेणार असाल, तर आई की मामा हा मुद्दा पुष्कळ मागे पडतो.

हा केवळ माझा अनुभव नाही. सेबास्टियन किर्शनर आणि मायकल टोमासेलो यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लहान मुलांना तीन परिस्थितींत ढोल वाजवायला दिला होता. एकदा समोर माणूस वाजवत होता, एकदा यंत्र, आणि एकदा नुसता आवाज ऐकू येत होता. माणसासोबत वाजवताना मुलांनी ताल जास्त चांगला धरला, अगदी अडीच वर्षांच्या मुलांनीसुद्धा. मोबाइलवर गाणी लावून दिली तर काय बिघडलं, असं मला पालक विचारतात, तेव्हा मी त्यांना हाच प्रयोग सांगते.

दुसरा एक प्रयोग थेट तुमच्या कामाचा आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात लॉरा सिरेली आणि तिच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात 14 महिन्यांच्या बाळांना कुणीतरी अंगाशी धरून संगीताच्या तालावर हलवत होतं. समोर एक अनोळखी व्यक्ती होती. काही बाळांसमोर ती त्याच तालात हलत होती, काहींसमोर वेगळ्या. नंतर तिच्या हातातून वस्तू पडायची, आणि तिला ती हवी आहे हे दिसायचं. जिच्यासोबत एका तालात हललो, तिला वस्तू उचलून द्यायला बाळं जास्त वेळा पुढे आली. हे निष्कर्ष 2014 मध्ये छापून आले. समोरची व्यक्ती अनोळखी होती, हे लक्षात घ्या. आधी घट्ट नातं आणि मग सोबत गाणं, असा क्रम असावाच लागतो असं नाही. तुमच्या बाबतीत तर ओळख आहेच.

आता गाण्याची शंका. तुम्ही लिहिलंय की तुम्हाला सूर सापडत नाही. ते खरं धरून चालूया. भाचीच्या कानावर तुमचा एकट्याचा आवाज पडणार नाही. शिक्षिका आहे, वर्तुळातली बाकीची माणसं आहेत. सुराची बाजू तिला तिथून मिळेल. तुमच्याकडून तिला हवा आहे तो तुमचा गाण्यातला सहभाग. मी माझ्या वर्गात सांगते की सूर लागत नसेल तर शब्द तालात म्हणा, तालात म्हणायलाही अवघड वाटत असेल तर लय अंगात घ्या आणि डोला. गप्प मात्र राहू नका. मोठं माणूस संकोचलं की मूल संकोचतं, आणि हा संकोच बेसूर आवाजापेक्षा फार लवकर उचलला जातो.

पुरुषांच्या आवाजाबद्दल मात्र एक खरोखरची अडचण आहे, आणि तिचा सुराशी संबंध नाही. पुरुषाचा बोलण्याचा आवाज साधारण 85 ते 155 हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांच्या) पट्ट्यात असतो, बाईचा 165 ते 255 च्या, आणि इतक्या लहान मुलाचा 300 च्या आसपास किंवा त्याहून वर. शिक्षिका ज्या पट्टीत गाते तीच पट्टी तुम्ही धरलीत, तरी तुमचा आवाज बहुधा एक सप्तक खाली पडेल. मोठ्यांना तो तोच सूर वाटतो. लहान मुलाला ते अंतर ओलांडून आपला सूर शोधायला वेळ लागतो. याला उपाय सोपा आहे: अधूनमधून एखादी ओळ आवाज हलका करून, जोर न लावता, वर नेऊन गा. पातळ आवाज निघेल, निघू द्या. सगळं गाणं तसं म्हणायची गरज नाही. जिथे भाचीने आपला सूर मिसळावा असं वाटतं, एखादा लहानसा आलाप, एखादं ‘ला ला’, तेवढंच.

आणि खालच्या आवाजाचा एक मोठा फायदा तुमच्याकडे आहे, जो माझ्याकडे नाही. वर्गाच्या शेवटी आम्ही शांत गाणं घेतो. तेव्हा भाचीची पाठ तुमच्या छातीला टेकू द्या आणि तोंड मिटून गुणगुणा. खर्जातल्या आवाजाची थरथर छातीतून तिच्या पाठीत जाते. गाणं ऐकण्याआधी ते अंगाला जाणवतं. वर्गभर धावलेली मुलं बाबांच्या किंवा आजोबांच्या छातीशी अशी विसावलेली मी नेहमी बघते, आणि तो भाग मला फार आवडतो.

तालाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण हौशी मामा-काकांचा गोंधळ इथे जास्त होतो. मूल ठेक्यावर टाळी वाजवत नाही असं दिसलं की ते त्याचे हात धरतात आणि आपल्या हातांनी टाळ्या वाजवून घेतात. हे करू नका. मार्सेल झेंटनर आणि तुओमास ईरोला यांनी 5 महिने ते 2 वर्षं वयाच्या मुलांचा अभ्यास केला होता, तो 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. संगीत ऐकताना ही मुलं बोलणं ऐकतानापेक्षा जास्त लयीत हलत होती, पण ठेक्याशी नेमका मेळ त्यांना जमत नव्हता. तो या वयात जमायची अपेक्षाही नको. त्याच अभ्यासात हेही दिसलं की हालचाल संगीताशी जितकी जास्त जुळली, तितकी मुलं जास्त हसली. म्हणजे मेळ जमण्याचा आनंद त्यांना कळतो. हात धरून वाजवून घेतलेल्या टाळीत तो आनंद तिचा राहत नाही.

त्याऐवजी उलट करा. तिची लय पकडा. या वयाच्या मुलांची स्वतःची लय मोठ्यांपेक्षा बरीच जलद असते, आणि ती हळू करणं त्यांना कठीण जातं. भाची गुडघ्यावर पटपट थापट्या मारत असेल तर तुम्हीही त्याच वेगाने मारा. थोड्या वेळाने ती थांबून तुमच्याकडे बघेल. मग पुन्हा मारेल, तुम्ही मारता का ते बघायला. हा संवाद सुरू झाला की त्या दिवसाचं माझं काम झालं असं मी समजते. वर्गाच्या ठेक्यावर ती हळूहळू येते, आपणहून येते.

अजून एक गोष्ट, जी नव्या माणसाला कुणी सांगत नाही: गाणं संपलं की लगेच बोलू नका. ‘वा, छान!’ म्हणून टाळ्या वाजवायचा मोह होतो. दोन-तीन श्वास थांबा. लहान मुलांच्या संगीतशिक्षणावर आयुष्यभर काम केलेले एडविन गॉर्डन (1927–2015) गाण्यांच्या मधल्या शांततेला फार महत्त्व देत. वर्गात वर्षानुवर्षं मला याचा पडताळा येतो आहे. गाणं चालू असताना तोंडातून शब्द न काढलेलं मूल नेमकं त्या शांततेत एखादा सूर लावतं, बरेचदा सा, कधी प. सूर बारीक असतो, निसटता असतो. जवळ बसलेल्यालाच ऐकू येतो. तो ऐकायला तुम्ही तिथे असाल.

यातूनच तुमच्या तिसऱ्या शंकेकडे येते: ती नुसती बसून राहिली तर? बसू द्या. मिल्ड्रेड पार्टेन यांनी 1932 मध्ये मुलांच्या खेळाचे प्रकार मांडले, त्यात ‘बघत राहणं’ हा स्वतंत्र प्रकार होता. बघणारं मूल रिकामं नसतं. शिवाय मुलं पाहिलेलं साठवून ठेवतात. अँड्र्यू मेल्टझॉफ यांनी 1988 मध्ये दाखवून दिलं की 14 महिन्यांची मुलं एकदा पाहिलेली नवखी कृती आठवड्यानंतरही करून दाखवतात. त्यातली एक कृती होती पुढे वाकून कपाळाने दिवा लावण्याची, जी ती मुलं आपल्या मनाने सहसा करत नाहीत. आठवडाभर त्यांनी ती मनात ठेवली होती. माझ्याकडे ‘वर्गात काहीच करत नाही’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या पालकांना मी विचारते, अंघोळीच्या वेळी काय करतो? झोपायच्या आधी काय करते? आणि मग कळतं की वर्गातलं स्वागताचं गाणं हातवाऱ्यांसकट घरी रोज चालू आहे. तुमच्या बाबतीत एक अडचण अशी की वर्गात तुम्ही असाल आणि घरी बहीण. दोघांनी एकमेकांना सांगत राहा. तिला गाणी माहीत नसतील तर भाचीने केलेली खूण तिच्या लक्षातच येणार नाही.

एकट्या पुरुषाच्या संकोचाबद्दल फार लिहीत नाही, कारण तो बहुतेकांचा दुसऱ्या-तिसऱ्या वर्गापर्यंत जातो. भिंतीशी बसू नका, वर्तुळात बसा. जमिनीवर, मुलांच्या उंचीला. सुरुवातीला शिक्षिकेला आणि शेजारच्यांना आपण कोण ते सांगा: हिचा मामा. दुसऱ्याचं मूल येऊन तुमच्या मांडीवर चढलं, आणि ते चढतंच, तर त्याच्या माणसाकडे एकदा बघून घ्या आणि गाणं चालू ठेवा. फोन पिशवीत. चित्रफितीत इतरांची मुलं येतात, हा एक भाग. आणि फोन समोर धरला की भाचीला तुमचा चेहरा दिसत नाही, हा माझ्या दृष्टीने त्याहून मोठा भाग.

एका गोष्टीत मात्र सावध राहा. मामा आला की उचलणं, गरगर फिरवणं हे ओघाने येतं, आणि नाचाच्या गाण्याला तर येतंच. हातांना धरून उचलू नका, झुलवू नका, मनगट धरून ओढू नका. एक ते चार वर्षांच्या मुलांमध्ये अशा हिसक्याने कोपराजवळचं हाड जागेवरून किंचित सरकू शकतं. मग मूल तो हात वापरायचंच थांबवतं, तसाच लोंबता ठेवतं. डॉक्टर ते सहज बसवतात, पण ते घरी करायचं काम नाही. उचलायचं तर दोन्ही काखांखाली हात घालून. वाद्यांच्या बाबतीत, या वयात प्रत्येक वस्तू तोंडात जाते. खुळखुळ्याला चीर गेलेली दिसली की तो बाजूला काढून शिक्षिकेला दाखवा. आतले दाणे घशात अडकण्याएवढे असतात. आणि ढोलावर तुम्ही पूर्ण ताकदीने थाप मारू नका, तिचा कान त्याच्या अगदी जवळ असतो.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. भाची तुम्हाला किती वेळा भेटते? रोज किंवा आठवड्यातून दोन-तीनदा भेटत असेल, तर पुढच्या वर्गाला सरळ घेऊन जा. महिन्यातून एकदा भेटत असेल, तर आधी थोडी तयारी लागेल. आईपासून दूर होण्याची भीती सर्वसाधारणपणे 10 ते 18 महिन्यांत जोरात असते. 20 महिन्यांनंतरही ती पुष्कळ मुलांमध्ये टिकून असते आणि दमलेली, भुकेलेली असताना उफाळून येते. बहिणीला एखादा वर्ग जमत असेल तर तिघं मिळून जा, पण कामं आधीच वाटून घ्या: भाची तुमच्या मांडीवर, बहीण जरा मागे. दोघं शेजारी बसून दोघांनी तिला आग्रह करायला लागलात तर ती एकदा इकडे बघेल, एकदा तिकडे, आणि गाणं राहून जाईल. बहिणीला अजिबात जमणार नसेल तर शिक्षिकेकडून स्वागताचं आणि निरोपाचं गाणं मागून घ्या. आठवडाभर भेटाल तेव्हा ते म्हणा, नाहीतर फोनवरून म्हणा. वर्गात तेच गाणं तुमच्या तोंडून ऐकलं की अनोळखी खोलीत तिला ओळखीचं काहीतरी सापडतं.

एका आठवड्याला आई, दुसऱ्याला मामा, तिसऱ्याला आणखी कुणी, हे सुरुवातीचे दीड-दोन महिने टाळा. वर्गातली गाणी तीच तीच का असतात, याचं कारण हेच आहे. पुढे काय येणार हे मुलाला आधी कळलं की ते धीट होतं. बरोबरचं माणूसही त्या ओळखीचा भाग असतं. एकदा ती रुळली की माणसं बदलली तरी फरक पडत नाही.

3 वर्षांपर्यंत थांबण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: थांबू नका. उशीर झाला तर काही कायमचं हुकतं, असं मी कधीच सांगत नाही. 3 वर्षांनंतरही मुलं छान शिकतात. पण तो वर्ग वेगळा असतो. तिथे मुलं बरीचशी एकटी बसतात आणि शिक्षिकेचं ऐकतात. मांडीवर बसून शिकण्याचा हा काळ त्याच्या आधीचा आहे. आणि वर्ग खरोखर बंद करावा लागला, तरी गाणं बंद करू नका. ऑस्ट्रेलियातल्या मुलांच्या एका दीर्घकालीन पाहणीवर आधारलेला अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. दोन-तीन वर्षांच्या वयात घरच्यांसोबत गाणं-बजावणं जास्त झालेली मुलं चार-पाच वर्षांची झाल्यावर इतरांशी वागण्यात आणि आकड्यांच्या बाबतीत थोडी पुढे दिसली. अशा पाहणीतून एकामुळेच दुसरं झालं असं म्हणता येत नाही. पण मोजलं गेलं ते घरातलं गाणं, हे मला महत्त्वाचं वाटतं. आठवड्यातला एक वर्ग म्हणजे मोठ्यांना गाणी आणि धीर देण्याची जागा. बाकीचे सहा दिवस तुमच्या घरात असतात.

ती पहिल्या दिवशी रडली तर काय करायचं तेही सांगून ठेवते. उचलून घ्या आणि दाराजवळ जा, पण गाणं ऐकू येईल इतक्याच अंतरावर. तिथेच उभे राहून तेच गाणं तुम्ही हळू आवाजात म्हणत राहा. गप्प करायची घाई नको. पाच-सात मिनिटांत बहुतेक मुलं मान वळवून वर्तुळाकडे बघायला लागतात. ती बघायला लागली की एक-एक पाऊल जवळ या. मध्येच घरी निघून जाऊ नका, निरोपाच्या गाण्याला वर्तुळात असा, तिला कडेवर घेऊन उभे असलात तरी चालेल. चार-पाच आठवडे असंच करूनही ती पूर्ण वेळ रडत असेल, तर महिनाभर थांबा, त्या काळात घरी दोन-तीन गाणी रोज म्हणा, आणि मग पुन्हा या. वर्गाची वेळ तिच्या झोपेच्या वेळेवर येत नाही ना, तेही एकदा बहिणीला विचारा. मोठ्या आवाजाकडे किंवा नावाने हाक मारल्यावर ती कधीच वळत नाही असं तुमच्या दोघांच्या लक्षात येत असेल, तर वर्गाचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडून कान तपासून घ्या.